नारळावरचा हात

तीन वर्षं आमच्या घराला कोणी हाक मारली नाही. शहरातल्या माणसाला यात विशेष वाटायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे एका घरचं माणूस दुसऱ्या घरी जातं ते दारावर थाप मारून नाही. ते आधी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहतं, "काय गो, हायस काय घरात?" अशी हाक टाकतं, उत्तर यायच्या आधीच पायरी चढतं आणि ओटीवर टेकतं. हाकेशिवाय दिवस उजाडत नाही आणि मावळतही नाही. वाडीत घरं इतकी जवळ की शेजारच्या घरातला भाकरी थापल्याचा आवाज आमच्या चुलीपाशी यायचा. त्यांच्याकडे सुका बांगडा भाजला की आमची मांजर उठून बसायची. सगळं ऐकू यायचं, सगळ्याचा वास यायचा. फक्त आमच्या खळ्यात कोणी यायचं नाही. कोंबड्या यायच्या. गावकीचा ठराव कोंबड्यांना सांगायचा राहिला होता.

गावकीने आम्हाला वाळीत टाकलं होतं. घरात आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी. थोरला भाऊ दत्तादादा मुंबईला कारखान्यात होता. आमचे भाताचे चार चोंढे. चोंढा म्हणजे डोंगरउतारावरचा भाताचा लहान तुकडा. लावणीला आमच्याकडे एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे, आज सगळी वाडी तुमच्याकडे, उद्या तुम्ही सगळ्यांकडे. वाळीत पडलेल्याला ही रीत नाही. तिघांनी लावणी करायची म्हणजे रोप तरव्यातच, पेरलेल्या वाफ्यातच, म्हातारं व्हायचं, आणि म्हाताऱ्या रोपाला दाणा तो किती धरणार? होळीच्या आधीच घरातला तांदूळ संपायचा. मग दोन्ही वेळा नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. आज कोणी हॉटेलात कुळथाची पिठी हौसेने मागवताना दिसलं की मी दुसरीकडे बघते.

विहिरीवर बंदी नव्हती, असं गावकीची माणसं पुढे शपथेवर सांगायची. खरंच नव्हती. आई विहिरीवर गेली की बायका आपापल्या कळशा उचलून बाजूला उभ्या राहायच्या. शब्द नाही. आईने पाणी ओढायचं, कळशी कमरेवर घ्यायची आणि निघायचं. ती दहा पावलं गेली की बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू व्हायचं, हसण्यासकट. एक महिना आईने हे सोसलं आणि मग ती लांब पऱ्यावर जायला लागली, डोंगरातून येणाऱ्या ओहोळावर. न्हावी यायचा बंद झाला, तेव्हा बाबांचे केस आई कापायची, घरातल्या कात्रीने. बाबांच्या डोक्यावर आमच्या चोंढ्यांसारख्याच पायऱ्या दिसायच्या. आम्ही तिघंही त्यावर हसायचो. हसायला दुसरं काही नव्हतं.

दत्तादादाचे हाल याहून वाईट झाले. मुंबईत आमच्या गावाची एक खोली होती. नव्याने गेलेल्याला तिथे एक वळकटी पसरायला जागा आणि पिशवी अडकवायला भिंतीवर एक खिळा मिळायचा. वाडीतून पत्र गेलं. संध्याकाळी तो कामावरून आला तर त्याची पिशवी बाहेर जिन्यात ठेवलेली, आणि खिळ्यावर दुसऱ्याची. त्याने आईला लिहिलं, "बाबांना विचार, हात ठेवला असता तर हात झिजणार होता काय?" ते पत्र मीच वाचून दाखवलं. हे वाक्य आलं तेव्हा मी गिळलं आणि पुढचं वाचलं. बाबा म्हणाले, "सोडलंस ता पन वाच." मी वाचलं. बाबांनी ऐकलं आणि गोठ्यात गेले. दादाने त्यानंतर बाबांच्या नावाने एकही पत्र लिहिलं नाही.

हात ठेवला असता, म्हणजे कशावर, ते आता सांगते. मी आठवीत असताना ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या वाडीचे गावकर तात्या उभे होते, विरोधात खालच्या वाडीचा एक जण. गावकर म्हणजे वाडीचा कर्ता माणूस, ज्याचा शब्द लग्नात, मयतात, बांधाच्या भांडणात शेवटचा. तात्या काही राक्षस नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. कोणाचं घर शाकारायचं राहिलं तर चार गडी पाठवणारा माणूस होता तो. माझ्या बारशाला पहिली घुगरी त्यांनीच खाल्लेली. पण वाडीची चाल अशी की निवडणुकीच्या आधी सहाणेवर बसायचं. सहाण म्हणजे देवीची पालखी ठेवायचा जांभ्याचा चौथरा. तिथे मधोमध एक नारळ मांडायचा, प्रत्येक घरच्या पुरुषाने पुढे येऊन त्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "वाडीचा शब्द तो माझा शब्द." एकदा हात ठेवला की मत ठरलं. मोडणाऱ्याला देवी बघून घेते.

मी त्या दुपारी बाबांना बोलवायला गेले होते, म्हैस अडली होती म्हणून. मुलींनी सहाणेजवळ जायचं नसे, म्हणून गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आड उभी राहिले. बाबांचं नाव घेतलं गेलं. बाबा उठले, पण पुढे गेले नाहीत.

"गणू, ये की. पाऊल बांधलंय काय?" तात्या म्हणाले.

"मत देईन मी, तात्या. हात नाय ठेवनार."

"म्हंजे?"

"मत माजं हाय. देवीला त्यात कशाला आनायची? तिकडं शिक्का मारताना हात थरथरला नि भलतीकडं पडला, तर मी देवीचा चोर. ता मला झेपायचं नाय."

"थरथरंल कशाला हात? मन साफ असलं की झालं."

"मन साफ हाय म्हनूनच नारळ नको."

मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "गणूभाव सरकारचा मानूस झाला रे! उद्या मयत झालं की सरकार येनार खांदा द्यायला!" सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी नारळ उचलून बाजूला ठेवला आणि बाबांच्या पुढचं नाव घेतलं.

बाबा तिसरी शिकलेले. सही करायचे, ती एकेक अक्षर चढत गेल्यासारखी. त्यांना सरकार म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, हे माझ्याहून कमी कळायचं. पण मत त्यांना कळायचं. मत दिल्यावर डाव्या बोटाला शाई लावतात ना, ती ते आठ-आठ दिवस जपायचे. शेण भरताना ते एक बोट वर धरायचे. आई चेष्टा करायची, "अवो, बोटाला काय राजाचा शिक्का हाय?" ते म्हणायचे, "राजाला नसंल. मला हाय." त्यांच्या आयुष्यात दुसऱ्या कोणी त्यांना एकट्याला, नावाने, खोलीत बोलावून, पाठ फिरवून, तुला काय वाटतं असं विचारलंच नव्हतं. ती एक फळकुटाच्या आडची जागा त्यांची होती. तिथे ते वाडी घेऊन जायला तयार नव्हते. एवढंच. बंड वगैरे काही नव्हतं त्यात. पुढे लोकांनी त्याला बंड ठरवलं, आधी वाडीने आणि नंतर माझ्यासारख्या शिकलेल्यांनी.

तात्या निवडून आले, तेही आरामात, आणि सरपंच झाले. आठ दिवसांत ठराव झाला. गणूच्या घरी जायचं नाही, त्याला घरी घ्यायचं नाही, देणं-घेणं बंद. माफी मागेपर्यंत.

दुसऱ्या वर्षीचा शिमगा मला विसरता येत नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. वर्षभर आपण देवळात जातो, त्या दिवशी देवी आपल्या खळ्यात येते. घरांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला, आमचं घर पांडूकाकाच्या घरानंतर. पांडूकाका बाबांचा चुलतभाऊ, पालखीच्या पुढच्या खांद्याचा मानकरी. पहिल्या वर्षी पालखी आमच्या घरावरून पुढे गेली होती. तरी दुसऱ्या वर्षी आईने खळं सारवलं, रांगोळी घातली, नाचणीच्या गोड खापरोळ्या केल्या, आणि ताटात तांदूळ, नारळ, खण, अबोलीचा गजरा असं ओटीचं सगळं मांडून पायरीवर उभी राहिली. तांदूळ संपलेले होते. ते ओटीचे तांदूळ तिने मार्गशीर्षातच एका मडक्यात बाजूला काढून, तोंड फडक्याने बांधून ठेवले होते. आम्ही महिनाभर नाचणी खात होतो आणि ते मडकं फळीवर होतं.

बाबा म्हणाले, "अगो, कशाला? येनार नाय हायेत ते."

"ते नाय येत तर नाय येत. मी त्यांची वाट नाय बघत. माजं नि देवीचं भांडान नाय झालेलं."

ढोल जवळ आला. पांडूकाकाच्या खळ्यात पालखी नाचली, तिथली ओटी भरली, आणि पालखी बाहेर वाटेवर आली. आमच्या गडग्याशी आली आणि पुढचा दांडा एकाएकी आमच्या खळ्याकडे वळला. पालखी ओढ घेते असं आमच्याकडे मानतात, देवीच्या मनात आलं की ती खांदेकऱ्यांना खेचून नेते. बायका ओरडल्या, "वढ घेतली! वढ घेतली!" ढोलवाल्याचा ताल चुकला. दांडा आमच्या गडग्यावर आपटला, जांभ्याचा एक दगड आत पडला. तात्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओरडले, "मागं घ्या! बघताय काय? मागं!" आठ-दहा पुरुष पालखीला लटकले. घामाने निथळलेली, लाल झालेली ती माणसं एका बाजूला आणि देवीचे चांदीचे मुखवटे आमच्याकडे तोंड करून. आई पायरीवरून एक पाऊलही पुढे आली नाही. ताट धरून उभी. शेवटी त्यांनी पालखी मागे खेचली. खेचताना झेंडूचा एक हार तुटून गडग्याच्या आमच्या बाजूला पडला.

त्यांनी देवीला पुढच्या घरी नेलं. पांडूकाका जाताना कोणालाही न बघता म्हणाला, "पाय घसरला."

आई मरेपर्यंत सांगायची, देवी आली होती, माणसांनी आडवली. मी गडग्याजवळच उभी होते. पांडूकाकाचे पाय अनवाणी होते, जांभा कोरडा होता, उन्हाने तापलेला, सपाट. घसरण्यासारखं तिथे काहीही नव्हतं. पण मी आईला हे कधी बोलले नाही. देवीने ओढ घेतली असेल की पांडूकाकाने, याचा निकाल मला लावता आला नाही आणि आता लावायचाही नाही. वाडीने मात्र निकाल लावला. पुढच्या वर्षी पांडूकाकाला खांदा दिला नाही. तो हार आईने देव्हाऱ्यात ठेवला. सुकून काळा पडला तरी टाकू दिला नाही.

मी दहावी पास झाले. आमच्या वाडीत दहावी झालेली पहिली मुलगी मी, आणि शाळेत पहिला नंबरही माझाच. मोठेपणा म्हणून नाही सांगत. का नको सांगू? मोठेपणा म्हणूनच सांगते. रोज दोन डोंगर चढून उतरून मी तो मिळवला होता. आमचे हेडमास्तर म्हणाले, देवरुखला कॉलेज आहे, गरीब मुलींसाठी फुकट वसतिगृह आहे, अर्ज भर. अर्जाला काय काय जोडायचं त्याची यादी त्यांनी लिहून दिली. त्यात एक ओळ होती, सरपंचाचा रहिवासी दाखला. त्याचा मजकूर छापील असायचा. अर्जदार अमुक ही या गावची कायमची रहिवासी असून मी तिला ओळखतो. खाली सरपंचाची सही.

ग्रामसेवक आठवड्यातून एकदा यायचा आणि तात्यांच्या ओटीवरच बसायचा. मी गेले, खळ्यात उभी राहिले. वर यायला कोणी सांगितलं नाही, म्हणून चढले नाही. ग्रामसेवकाने माझ्या हातातला कागद घेतला, माझं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि सहीसाठी तात्यांपुढे सरकवला. तात्या अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोनाची गो तू?"

"गणूची."

"कंचा गणू? ह्या वाडीत गणू नावाचं कोन ऱ्हात नाय."

ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मी म्हटलं, "तात्या, मी रोज तुमच्या खळ्यावरून शाळंत जाते."

"वाटंवरून जानारं पुष्कळ असतं. एस्टी पन जाते रोज. ती काय गावची झाली?"

ओटीवरचे दोघं-तिघं हसले. मी तिथेच उभी राहिले, कारण वळले असते तर रडले असते, आणि ते मला त्यांना द्यायचं नव्हतं. तात्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "बापाला सांग, नारळ घेऊन सहानेवर ये. मग मला समद्यांची नावं आठवतील. तुजं पन."

घरी जेवताना मी सांगितलं. आई पिठी वाढत होती, तिचा डाव तसाच राहिला. मी म्हटलं, मला कॉलेज नको. बाबा म्हणाले, "भाकरी खा." आज वाटतं, मी तेव्हा ते वाक्य ठासून बोलायला हवं होतं. नको म्हणजे नको, असं. पण मी ते एकदाच बोलले आणि तेही हळू, कारण मला कॉलेज हवं होतं. फार हवं होतं. बाबांना ते दिसलं असणार.

रविवारी सकाळी बाबांनी घरामागच्या परड्यातल्या माडाचा नारळ सोलला. शेंडी नीट राखली. धुतलेली टोपी घातली आणि मला विचारलं, "फारम कुटं ठेवलायस?" मी दिला. त्यांनी तो घडी करून सदऱ्याच्या आत ठेवला. मी मागून निघाले, त्यांनी अडवलं नाही.

सहाणेवर गावकी बसलेली होती. देवळाच्या कौलांचं बोलणं चाललं होतं, किती फुटली, कोणी आणायची, वानरांचं काय करायचं. बाबा नारळ हातात धरून सहाणेच्या खाली उभे राहिले. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कौलांचं झालं, मग वाशांचं झालं, मग वानरांचं पुन्हा झालं. ऊन डोक्यावर आलं. मी गडग्याच्या आड नव्हते या वेळी, उघड्यावर उभी होते, मलाही कोणी हटकलं नाही. मग तात्यांनी मान वर केली, "कोन हाय ता?"

"मी गणू. ह्याच वाडीतला."

"काय काम काडलंत?"

बाबांनी नारळ सहाणेवर ठेवला आणि त्यावर उजवा हात ठेवला. "वाडीचा शब्द तो माजा शब्द," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "चुकी झाली."

"मागच्यांना ऐकू नाय आलं, गणू."

"चुकी झाली," बाबा मोठ्याने म्हणाले. त्यांच्या डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, इतकी घट्ट की नखं पांढरी झाली होती.

तात्यांनी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं! आपलाच मानूस तू. उगाच तीन वर्सं नाटकं केलीस." नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, बाबांनाही एक दिला. पांडूकाका मागून पुढे आला आणि बाबांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याला थोपटलं, पण त्यांचे डोळे कोरडे होते. मग त्यांनी सदऱ्यातून फॉर्म काढला. तात्यांनी न वाचता सही केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हुशार हाय हां पोरगी. वाडीचं नाव काढंल."

परत येताना प्रत्येक खळ्यातून हाका सुरू झाल्या. "काय गो सुनंदा, पास झालीस म्हनं?" "गणूभाव, च्या घेऊन जा!" "आयेला सांग, दुपारची येते बसायला." तीन वर्षं साठवून ठेवल्यासारख्या. मला प्रत्येक हाकेला ओ द्यावी लागली. आपल्याच घरच्या वाटेवर चालणं मला पुन्हा कधी इतकं जड गेलं नाही.

फणसाखाली बाबा बसले. हातातला खोबऱ्याचा तुकडा अजून तसाच होता. तो त्यांनी मला दिला आणि म्हणाले, "मी मत त्यालाच दिलं व्हतं."

"कोणाला?"

"तात्याला. दुसरा कोन व्हता त्या लायकीचा? खालच्या वाडीवाला दारू पितो."

"मग सांगितलंत का नाय? एवढं एकदा सांगितलं असतं तर... आई तीन वर्षं पऱ्यावर जाते. दादाला जिन्यात काढलं."

"सांगायचं म्हंजे मत उघडं करायचं," बाबा म्हणाले. "उघडंच करायचं असतं, तर नारळानं माजं काय घोडं मारलं व्हतं?"

खरं लिहिते. त्या दिवशी मला राग तात्यांचा आला नाही, बाबांचा आला. हट्टी, आडमुठा माणूस, एवढ्या तेवढ्यासाठी घर जाळलं, असं वाटलं. मी खोबरं गडग्यापलीकडे फेकलं आणि पुढे चालायला लागले. ते मागून आले. माझ्या वयाला ते कळायचं नव्हतं, असं म्हणून आज मी सुटका करून घेऊ शकते. पण ते खरं नाही. कळलं होतं, म्हणून तर राग आला.

देवरुखच्या वसतिगृहात कागद तपासायला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज पाहिला, गुणपत्रिका पाहिली, शाळा सोडल्याचा दाखला पाहिला. तात्यांच्या सहीचा कागद आला तेव्हा म्हणाल्या, "हा कशाला आणलास? शाळेच्या दाखल्यावर गाव आहे की. बरं, राहू दे आता." आणि टाचणी टोचून सगळ्यात शेवटी लावून टाकला. हेडमास्तरांनी जुनी यादी उतरवून दिली होती. त्यांचीही चूक म्हणता येत नाही. आमच्यात कोणालाच हे सुचलं नाही की तुम्ही कुठले हे सांगणारा दुसराही कागद असू शकतो. तात्या ओळखतात म्हटलं तरच आपण आहोत, असं तात्यांना वाटत होतं, आणि आम्हालाही तसंच वाटत होतं. ही गोष्ट मी बाबांना कधी सांगितली नाही. सुट्टीत घरी गेले की ते विचारायचे, "दाखला लागला ना?" मी म्हणायचे, "लागला. त्याशिवाय घेतलंच नसतं."

पुढच्या शिमग्याला पालखी आमच्या खळ्यात आली. मानाने आली, ढोल मोडेपर्यंत नाचली. आईने ओटी भरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. तिच्यासाठी तीन वर्षांचं सगळं त्या घटकेत फिटलं. मी तिच्यासारखी असते तर बरं झालं असतं. तात्या ओरडले, "गणू, दे खांदा!" बाबा गोठ्याच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "खांदा दुखतोय." पालखी गेली तेव्हा पडलेला जांभ्याचा दगड त्यांनी उचलून गडग्यात परत बसवला. दोन वर्षं तो तसाच पडू दिला होता.

आणि त्यानंतर बाबांनी मत दिलं नाही. कधीच नाही. मतदानाच्या दिवशी सकाळीच गुरं सोडायचे आणि डोंगरावर जायचे, ते दिवेलागणीला परत यायचे. गावकीने एकदा माणूस पाठवला, तर बाबा त्याला म्हणाले, "वाडीचं मत हाय ना, मग वाडीनंच द्यावं." त्यांच्या बोटाला शाई मी पुन्हा पाहिली नाही. वाडीने आम्हाला परत घेतलं त्याची ही किंमत झाली. ते वारले तेव्हा वाडीने खांदा दिला, चांगला दिला, कोणी मागे राहिलं नाही. मी रडले ते बापासाठी, पण त्या गर्दीकडे बघून मला कसलंच समाधान झालं नाही.

आता या गोष्टींना कायदा आहे. वाळीत टाकणं गुन्हा आहे, तक्रार करता येते. चांगलं आहे. पण सहाणेवर उन्हात उभं ठेवणं कोणत्या कलमात बसतं, मला माहीत नाही. गेल्या वर्षी मोबाइलवर आमच्या गावाचा ग्रुप झाला, तात्यांच्या नातवाने मला त्यात घेतलं, आणि "आमच्या गावची पहिली पदवीधर कन्या" म्हणून सत्कार ठरवला. जागा कुठली, तर सहाण. मी गेले. शाल घेतली. नारळ पुढे केला तेव्हा म्हटलं, तो नको. नातू बिचारा गोंधळला. "डॉक्टरने सांगितलंय काय, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "व्हय. लहानपणीच." त्याला काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला त्याच्या आजोबाचा हिशोब कशाला सांगायचा?

मी बी.ए. झाले. ग्रामसेविकेची नोकरी लागली, आणि पहिली नेमणूक मंडणगड तालुक्यात झाली. नोकरीभर किती रहिवासी दाखले लिहिले, गणती नाही. कोणाचा नवरा सोडून गेलेला, कोणाशी वाडी बोलत नसलेली, कोणी बाहेरून येऊन राहिलेलं. कागद पुढे आला की मी एवढंच बघितलं की माणूस इथे राहतं का. राहत असेल तर त्याच दिवशी सही, आणि समोरच्याला बसायला खुर्ची. कोनाची गो तू, असं मी कोणत्याही पोरीला विचारलं नाही.

आता माझं घर रत्नागिरीत आहे, पण गावचं घर मी मोडलं नाही. मतदार यादीत माझं नाव तिथेच आहे, बाबांच्या नावाशेजारी होतं तिथेच. प्रत्येक निवडणुकीला मी सकाळच्या एस्टीने गावी जाते, रांगेत उभी राहते आणि मत देते. कोणाला दिलं, ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.